मागाच्या खोलीतला मंद कुकर

मित्रांनो, मला शिट्टी येत नाही. मी विजेवर चालणारा मंद कुकर आहे. बाहेरून पत्र्याचा, आतून भाजलेल्या मातीचा, डोक्यावर काचेचं झाकण आणि पोटावर एक लाल दिवा. सकाळी धान्य, पाणी, मीठ-मसाला घालून माझं बटण फिरवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. दुपारी जेवण तयार. ढवळायला नको, राखण करायला नको.

जन्म माझा कुठल्याशा कारखान्यात झाला, पण तिथं मी थंडच होतो. पहिल्यांदा गरम झालो तो बेळगावच्या शहापुरात, एका विणकराच्या घरी. म्हणून माझं आयुष्य मी तिथूनच धरतो.

त्या घराच्या पुढच्या खोलीत दोन माग होते. एक किशनचा, विजेचा, दिवसभर खडखडणारा. दुसरा त्याच्या वडिलांचा, यमनाप्पांचा हातमाग, खड्ड्यात पाय सोडून चालवायचा. यमनाप्पांची नजर आता धाग्यावर ठरत नव्हती. दसऱ्याच्या खंडेपूजेपर्यंत, म्हणजे अवजारांच्या पूजेपर्यंत, हातमागावर कुणी बसलं नाही, तर तो मोडून तिथं विजेचा दुसरा माग बसवायचा, असं घरात ठरलं होतं.

किशनची बायको सुवर्णा कंग्राळीच्या शेतकऱ्याची लेक. माहेरी तिनं कधी विणायचा धोटा हातात धरला नव्हता. पण या घरात आल्यापासून तिचा जीव त्या हातमागात गुंतला होता. सासऱ्यांना ती म्हणाली, मला शिकवा. यमनाप्पा हरखले, पण त्यांनी एक गोष्ट बजावली.

“बसायचं तर सकाळभर सलग बसायचं, पोरी. मधी उठलीस की हात बदलतोय. कापडात पट्टा दिसतोय.”

आणि सकाळ तर स्वयंपाकघराची. सासूबाईंच्या, म्हणजे अंबुबाईंच्या बोटांचे सांधे धरलेले. भाकरी त्या कशाबशा थापत, पण आमटी-कालवणासाठी उभं राहणं त्यांना जमत नसे. सुवर्णाची ही अडचण तिच्या नणंदेनं, रक्षानं ओळखली. ती बंगळूरला नोकरी करते. गणपतीला येताना ती मला घेऊन आली.

अंबुबाईंनी मला चारी बाजूंनी पाहिलं. शिट्टी नाही, जाळ नाही, तर हे शिजवतं कशावर, असं त्यांनी विचारलं. स्वयंपाकघरात त्यांनी मला जागा दिली नाही. मग मागाच्या खोलीत, दाराजवळच्या स्टुलावर माझी स्थापना झाली. तिथल्याच बोर्डात माझी पिन खोचली. अंबुबाईंनी सुनेला अटही घातली.

“बस की मागावर, मी कुठं न्हाय म्हणतो? पर दुपारी ताटात कच्चं आलं, तर उठायचं. परत न्हाय बसायचं.”

पहिल्या दिवशी किशन लग्नाला निपाणीला गेला होता. सुवर्णानं माझ्यात अख्खा मसूर घातला, वर कांदा, लसूण, घरचं तिखट, आणि ती मागावर जाऊन बसली. दुपारी झाकण निघालं तेव्हा वास बोळाच्या टोकापर्यंत गेला. शेजारच्या मालुबाई वाटी घेऊनच आल्या. मसूर असा मऊ शिजलेला, की यमनाप्पांनी दात नसतानाही दोनदा वाढून घेतला. मालुबाई माझ्याकडे बघत राहिल्या. नशीब काढलंस गं सुवर्णा, असं तीनतीनदा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मसूर कच्चा राहिला.

अंबुबाईंचा संशय सरळ मालुबाईंच्या नजरेवर गेला. त्यांनी मीठ-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. मित्रांनो, माणसांची दृष्ट काढतात, म्हशीची काढतात. कुकराची काढलेली तुम्ही ऐकली आहे का? मला मात्र फार बरं वाटलं. आपण घरातलेच झालो, असं वाटलं.

तरीही तिसऱ्या दिवशी चवळी दाताखाली कचकन वाजली. सगळं पुन्हा गॅसवर चढलं, जेवायला उशीर झाला. किशन हसून म्हणाला, रक्षीनं दुकानात नीट बघून आणलं न्हाय. पाटीतल्या सुताच्या कांड्या सुवर्णानं उगीचच पुन्हा लावल्या. तिच्या मागावर साडीचा वीतभर काठ उतरला होता.

चूक काय होती, ते मला ठाऊक होतं. पण मला बोलता कुठं येतं?

चूक एका चांगल्या सवयीतून झाली होती. मागात हात घालायच्या आधी बोर्डावरचं मोठं बटण खाली करून वीज बंद करायची, ही शिस्त यमनाप्पांनी किशनला पोरवयातच लावली होती. आणि त्या आठवड्यात सूत कच्चं आलं होतं. घडोघडी धागा तुटे. किशन मोठं बटण खाली करी, धागा जोडी, पुन्हा वर करी. त्याच बोर्डावर मीही होतो. माग थांबला की मी थांबे. पहिल्या दिवशी किशन घरीच नव्हता, म्हणून मी सलग तापलो होतो. जरा तापायला लागलो की पुन्हा गार. मागाच्या खडखडाटात माझ्या चिमुकल्या दिव्याकडे कोण बघणार?

चौथ्या दिवशी अंबुबाई लसूण सोलायला माझ्याशेजारी बसल्या. दोनदा चालवून घेतलं, आज कच्चं राहिलं तर शेवटचं, असं त्या सकाळीच म्हणाल्या होत्या. लसूण सोलून झाला तरी त्या उठल्या नाहीत. त्यांनी दुखरे तळवे हळूच माझ्या कोमट अंगाला टेकवले. शेकत बसल्या. तेवढ्यात किशनचा धागा तुटला. माग थांबला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर माझा दिवा विझला. माग चालू झाला, दिवा लागला. पुन्हा धागा, पुन्हा अंधार.

अंबुबाईंना उमगलं. आणि त्या गप्प बसल्या.

मी श्वास रोखून होतो, म्हणजे वाफ रोखून म्हणा. त्यांनी तोंड उघडलं नसतं तर दुपारी मसूर कच्चाच राहिला असता. सून मागावरून उठून पुन्हा गॅसपाशी आली असती आणि अट त्यांची खरी झाली असती. त्यांनी सुवर्णाकडे पाहिलं. ती मान खाली घालून विणत होती. धोटा एका लयीत जात-येत होता. यमनाप्पा डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते आणि मान डोलवत होते.

“किशन,” अंबुबाई म्हणाल्या, “तुझा धागा तुटला की आमचा मसूर कच्चा राहतोय रं.”

कुणाला काही कळेना. त्यांनी माझ्या दिव्याकडे बोट दाखवलं आणि किशनला बटण खालीवर करायला लावलं. मग सगळ्या घराला जे हसू फुटलं, ते थांबता थांबेना. मालुबाई भिंतीपलीकडून काय झालं म्हणून विचारू लागल्या. त्यांच्यावरचा आळ उतरला, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी वायरमन भरमू आला. त्यानं माझ्यासाठी स्वयंपाकघरात वेगळं सॉकेट बसवलं. जागा अंबुबाईंनीच दाखवली, देवळीखालची, त्यांच्या पाटाशेजारची. आता सकाळी धान्य त्याच निवडतात, मीठ त्याच घालतात, आणि तळवे उघडपणे शेकतात. मसूर, चवळी, हुलग्याचं माडगं, आंबील, सगळं माझ्यात होतं. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीरसुद्धा मी केली, तळाला जराही न लागू देता. ती खंडेपूजेच्या दिवशी. त्या दिवशी हातमागालाही झेंडूची माळ चढली.

परवाच, दुपारी ताटं मांडून अंबुबाई मागाच्या खोलीच्या दारात आल्या.

“आत्ती, एवढा काठ होऊ दे. मग उठतो,” सुवर्णा मान वर न करता म्हणाली.

“वीण की सावकाश,” अंबुबाई म्हणाल्या. “जेवान गरमच हाय.”

त्यांनी ताटं पुन्हा झाकली आणि त्या दारातच बसून काठ बघत राहिल्या.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे मागणी थोडी आहे. गरम असताना माझ्यावर गार पाणी ओतू नका, माझं मातीचं पोट तडकेल. आणि माझं काम बिघडलं, तर मला माळ्यावर टाकण्याआधी एकदा माझ्याशेजारी येऊन बसा. कुणीतरी शेजारी बसून पाहिलं, म्हणूनच मी आज उबेत आहे.