यादीबाहेरचं झाड

उद्यान खात्याच्या शेडमध्ये तिला सगळे डॉक्टरीण म्हणत, आणि म्हणणारे काही कौतुकानं म्हणत नसत. एक झाड छाटून झालं की करवत स्पिरिटनं पुसायची, मगच दुसऱ्या झाडाला लावायची, हा नियम सगळ्यांनाच होता. पण ही बाई त्यापायी लोकांचा जीव खायची. चहाला निघालेल्याला गेटातून परत बोलवायची. "एकाची सुई दुसऱ्याला टोचशील का रे?" असं चारचौघांत विचारायची. आता बोला, अशा बाईच्या हातून हे व्हावं!

सोमवारी सकाळी मुकादमांनी प्रयोगशाळेचा कागद वाचून दाखवला. शाळेच्या कोपऱ्यावरच्या झाडाला बुरशीचा रोग होता. सालीखालून चढणारा, पानं करपवणारा, आणि मुळं एकमेकांत गुंतलेली असली की शेजारच्या झाडात शिरणारा. तीन आठवड्यांपूर्वी ते झाड हिनंच छाटलं होतं.

"त्यानंतर करवत कशाला लावलीस?" मुकादमांनी विचारलं.

"कशालाच नाही. त्या दिवसातलं शेवटचं होतं ते."

"मग सुटलो बुवा. दुसरं कुणी असतं तर उलटतपासणी घेतली असती," म्हणत मुकादमांनी वही मिटली. मुळं तोडायला चर खणणारी टोळी त्यांनी दुसऱ्या कामाला नदीकाठच्या बागेकडे धाडून दिली.

साफ खोटं बोलली होती ती. त्या दिवशी स्पिरिटची बाटली संपली होती, आणि घरी जाताना ही बाबांच्या इमारतीपाशी थांबली होती. पाय गेल्यापासून बाबा दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून असत. समोरच्या झाडाशी गप्पा मारत, राजकारणावर वाद घालत, आणि झाड उलट बोलत नाही म्हणून खूश असत. फक्त त्याची एक फांदी काचेला टेकली होती. "पोरी, तेवढी काढ गं, पेपरवर उजेड येत नाही," असं टुमणं त्यांनी महिनाभर लावलं होतं. अर्ज, परवानगी, यादी, कोण करत बसणार? हिनं शिडी लावली, तीच न पुसलेली करवत चालवली आणि दहा मिनिटांत फांदी खाली. एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं तिला. वाटलं कसलं, वाटून घेतलं.

शेडमधून ती तडक तिकडं गेली. शेंड्याची पानं कडेनं वळायला लागली होती. चाकूनं साल सोलली तर खाली तपकिरी रेघ. पलीकडं त्याच जातीची आणखी सात झाडं एका रांगेत उभी होती. तिनं घाईघाईनं शेजारच्याची साल सोलून पाहिली. आत पांढरं स्वच्छ होतं.

"काय बघतेस गं खाली?" बाबा वरून ओरडले. "मुंग्या लागल्यात का?"

"काही नाही बाबा, सहज."

मंगळवारी तिनं झाडाला चार बादल्या पाणी घातलं. बावीस वर्षं हेच काम केलेली बाई, पाण्यानं बुरशी जात नाही हे तिला कळत नव्हतं होय? पण भीतीपुढं शहाणपण कुठं टिकतं! नोकरी जाईल ही धास्ती होतीच. त्याहून मोठी धास्ती शेडमधल्या तोंडांची होती. डॉक्टरीणबाईंनीच रोग पसरवला म्हणे, हे वाक्य तिला जेवताना ऐकू यायचं आणि ती ताट बाजूला सारायची. बुधवारी ती त्या रस्त्यावर फिरकलीच नाही.

गुरुवारी शेडमध्ये एकानं करवत न पुसता गाडीत टाकली आणि सवयीनं ती त्याच्यावर खेकसली. आपल्याहून मोठा, पांढऱ्या मिशांचा माणूस तो. निमूट खाली उतरला, "चुकलं बाई," म्हणाला आणि पुसायला बसला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच मुकादमांपुढं जाऊन उभी राहिली आणि यादीबाहेरचं झाड एका दमात सांगून टाकलं.

मुकादमांनी नदीकाठची टोळी बोलावून घेतली. बाबांच्या इमारतीपाशी येऊन स्वतः चाकू काढला. बाबांच्या झाडात रेघ बोटभर जाड झाली होती. शेजारच्याची साल सोलली. बुंध्याशी तपकिरी, ताजी, दोऱ्याएवढी रेघ. तिसरं झाड पांढरं होतं.

"चर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे. ही दोन्ही पाडायची," मुकादम म्हणाले.

"अहो, फांदी मी काढायला लावली होती!" बाबा खिडकीतून जीव तोडून सांगत होते. "माझंच झाड न्या, शेजारच्याला कशाला हात लावता?"

मुकादमांनी वर पाहिलं नाही. "तुला हे कधी कळलं?"

"सोमवारी. तेव्हा शेजारचं चांगलं होतं. मी बघितलं होतं."

"सोमवारी टोळी माझ्या हाताशी होती."

मुकादमांनी वही उघडली, दोन ओळी खरडल्या आणि वही-पेन तिच्या हातात दिलं. "पहिलं झाड कशानं गेलं ते मी लिहिलंय. चूक झाली, लिहिली. दुसरं कशानं गेलं ते तू लिही."

तिनं लिहिलं, "तीन दिवस माहीत होतं. सांगितलं नाही." आणि खाली सही केली. मान वर केली तेव्हा बाबा झाडाकडं नाही, तिच्याकडं बघत होते.