दुसरं काहीही

बाबांनी सगळ्यात खालची ओळ उचलली आणि नेऊन सगळ्यात वर ठेवली. चांगला चालता प्रोग्राम आडवा झाला. मग त्यांनी चष्मा पुसला आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

लिस्प नावाच्या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला तो प्रोग्राम एवढासाच होता. त्याला कंसातलं गणित द्यायचं. तो वरून खाली एकेक नमुना लावून बघणार. नुसता आकडा असेल तर तोच उत्तर. बेरीज असेल तर आधी दोन्ही बाजू सोडवायच्या, मग मिळवायच्या. गुणाकाराचंही तसंच. जो नमुना आधी जुळेल त्याचंच ऐकायचं. काहीच जुळलं नाही, तर तळाशी ‘दुसरं काहीही’ हा नमुना होता. तो ‘कळलं नाही’ म्हणून मोकळा. तोच वर बसवला की खालच्यांची पाळीच येत नाही. जन्मभर हेच शिकवलेल्या माणसाने अशी चूक करावी, म्हणजे कमालच! पण नोकरी संपली, बायको गेली, घर खायला उठू लागलं, आणि लेकीचे फोन ‘जेवलात का?’ ‘जेवलो’ एवढ्यावर आटपायला लागले. प्रोग्राम अडला की मात्र ती थांबायची. म्हणून हल्ली बाबा चुकायला लागले होते.

“आता काय झालं?” लेक ऑफिसात होती. मागून कुणीतरी तिला हाका मारत होतं.

“अगं ठमे, काहीही दिलं तरी ‘कळलं नाही’च म्हणतंय. नुसता वैताग आणलाय.”

“स्क्रीन दाखवा बघू.”

बाबांनी दाखवली. वर प्रोग्राम, खाली उत्तरं. ती बघत राहिली. बाबांचीही नजर खाली गेली. ‘कळलं नाही’च्या वर सकाळची उत्तरं तशीच होती. बेरीज बरोबर, गुणाकार बरोबर, कंसातला कंससुद्धा बरोबर. पुसायची राहूनच गेली होती.

आता ती म्हणणार, बाबा, मला कामं आहेत. आणि त्यात तिचं काय चुकलं असतं?

मागून पुन्हा हाक आली.

“तुम्ही व्हा पुढे, मला वेळ लागेल,” तिने वळून सांगितलं. दार लागल्याचा आवाज झाला. दिवसभर लोकांचे असलेच प्रोग्राम दुरुस्त करणारी ती, खुर्ची पुढे ओढून बसली.

“अवघड दिसतंय हो बाबा,” ती म्हणाली. “मला नाही कळत. पहिल्या ओळीपासून समजावून सांगता?”