माणशी युनिट

नोकरीतून सुटल्यावर माणसाला काहीतरी खूळ लागतंच. कुणी बागेत उभं राहून टाळ्या वाजवत हसतो, कुणी शेजाऱ्यांना होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतो. विष्णुपंत मोकाशींना विजेचं लागलं. आता हेच विष्णुपंत मंत्रालयात होते तेव्हा ते खुर्चीत असोत की कँटीनमध्ये, केबिनमधला एसी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असायचा. बिल सरकार भरत होतं ना, मग कसली काळजी! पण दिल्लीत मयूर विहारातल्या स्वतःच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांना फ्रिजमधला दिवासुद्धा डोळ्यांत खुपायला लागला.

आधी खिडक्यांना दुहेरी काचा बसल्या. मग दारांना खालून रबरी पट्ट्या. चांगला चालता फ्रिज कबाडीवाला घेऊन गेला आणि त्याच्या जागी पाच स्टारचा आला. गीझरला टायमर लागला. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ते दिवे. माणूस हलला की लागायचे, हलायचा थांबला की थोडा वेळ वाट बघून विझायचे. अरुणाताई संध्याकाळी मटार सोलायला बसल्या की मधूनमधून छताकडे बघून हात हलवायच्या. समोरच्या बाईंना वाटलं, मिसेस मोकाशींनी योगा सुरू केलाय.

या सगळ्याला पावणेदोन लाख लागले. अरुणाताईंना हिशेबाची फार आवड नव्हती, पण एवढं त्यांनाही कळत होतं की दिल्लीत महिन्याला दोनशे युनिटांच्या आत राहिलं की बिल शून्य येतं आणि दर हिवाळ्यात त्यांचं शून्यच येत होतं. शून्यातून तुम्ही आणखी काय वाचवणार, असं त्यांनी एकदा विचारलं. विष्णुपंत म्हणाले, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. ज्याचं पेन्शन वेळेवर येतं त्याला तत्त्वं परवडतात, असं अरुणाताईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, कारण त्यांना नवऱ्याचा मूड सांभाळायचा होता.

मूड सांभाळायचा होता तो सुनंदाताईंसाठी. ही त्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर साताऱ्याचं भाड्याचं घर सोडून डिसेंबरात दिल्लीला आली, ती अरुणाताईंच्या शब्दावर. आता तू इथंच राहायचं, असं त्यांनी स्टेशनवरच बहिणीचा हात धरून सांगितलं होतं. लहानपणी एका पांघरुणात झोपलेल्या दोघी म्हातारपणी एका छपराखाली येतायत, याचा त्यांना इतका आनंद झाला होता की आठवडाभर त्या स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या. विष्णुपंतांनीही तोंड भरून हो म्हटलं होतं. तेव्हा त्यांनी मीटर पाहिलेलं नव्हतं.

साताऱ्याच्या बाईला दिल्लीचा हिवाळा म्हणजे काय ते कुठून ठाऊक? ताईंना खोलीत हीटर लागायचा, पहाटे कढत पाणी लागायचं. टायमर सहाला गीझर चालू करायचा आणि ताई उठायच्या पाचला. मग टायमर गेला कोपऱ्यात. संध्याकाळी त्या जपाला बसायच्या, त्या मात्र अशा निश्चल की दिवा त्यांना माणसात धरायचाच नाही. खोलीत अंधार. अरुणाताई जाऊन दारातून हात हलवायच्या, दिवा लागायचा, जप चालू राहायचा. दोघी बहिणी यावर पोट धरून हसायच्या. विष्णुपंतांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यात लिफ्टमध्ये सोसायटीची नोटीस लागली. जानेवारीत सगळ्यात कमी वीज वापरणाऱ्या घराला वर्षभराचा मेंटेनन्स माफ, शिवाय सत्कार. नोटीस हिंदीत आणि चांगली लांबलचक होती. दुसऱ्यांच्या नोटिसा शेवटच्या ओळीपर्यंत वाचून त्यांतल्या चुका काढण्यात ज्यांची हयात गेली, त्या विष्णुपंतांनी ही पहिल्या ओळीपर्यंत वाचली आणि शाल घ्यायला कुठला कोट घालायचा याचा विचार करत घरी आले.

त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात ताईंचं नाव येईनासं झालं. 'लोड' असा शब्द यायला लागला. लोड फार वाढलाय. छोट्या खोलीचा लोड कमी करायला हवा. अरुणाताईंनी एकदा ठणकावून सांगितलं, की छोट्या खोलीत माझी बहीण राहते. विष्णुपंत म्हणाले, अगं हो, मी तेच म्हणतोय.

आणि मग संक्रांत आली. दरवर्षी संक्रांतीला ही मंडळी पानिपतला काला अंबला जातात. दिल्लीतली कितीतरी मराठी घरं त्या दिवशी तिथे जमतात. स्मारकापुढे डोकं टेकायचं, ओळखीच्यांना तिळगूळ द्यायचा, डब्यातली गुळाची पोळी खायची आणि परत फिरायचं. विष्णुपंत तर तिथे हटकून भावुक होतात. चष्मा काढून पुसतात. या वेळी निघताना त्यांनी ताईंची मोठी बॅग स्वतः उचलून डिकीत ठेवली. अरुणाताईंना वाटलं, थंडी आहे, जास्तीची पांघरुणं असतील.

काला अंबला पोचले तर तिथे विक्रांत उभा. ताईंचा जावई, शालिनीचा नवरा, फौजेत सुभेदार, अंबाला छावणीत बदली झालेला. विष्णुपंतांनी त्याला परस्पर फोन करून सांगितलं होतं की ताईंना दिल्लीची थंडी सोसत नाही, तेव्हा काही दिवस लेकीकडे घेऊन जा. अंबाला दिल्लीपेक्षाही गार, हे शाळकरी पोरालासुद्धा कळेल. पण पानिपत दोघांनाही वाटेवर पडतं, त्यामुळे एका पेट्रोलमध्ये स्मारकही झालं आणि मेहुणीही पोचती झाली, असा तो हिशेब.

अरुणाताईंनी बॅगेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. चारचौघांत, ओळखीच्या मंडळींसमोर, काय बोलणार? पोरगा बिचारा सासूची बॅग आनंदाने जीपमध्ये ठेवत होता. ताईंना मात्र सगळं उमगलं होतं. त्यांनी बहिणीच्या हातावर तिळगूळ ठेवला, मग विष्णुपंतांच्याही ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "विष्णुराव, खोलीतला दिवा विझवायचा राहिला म्हणून जिवाला लावून घेऊ नका. तो आपला आपण विझेल."

जीप गेली. विष्णुपंतांनी स्मारकाकडे वळून चष्मा काढला आणि पुसला. लाखभर गेलेल्या माणसांसाठी दरवर्षी जे हळहळतात, त्यांना घरातलं एक जिवंत माणूस जड झालं होतं. परतीच्या वाटेवर अरुणाताई खिडकीकडे तोंड करून बसल्या. विष्णुपंतांना वाटलं, दमली असेल.

त्यानंतर मीटर मंदावलं. छोट्या खोलीचं दार बंद झालं, हीटर माळ्यावर गेला. विष्णुपंत रोज सकाळी खाली जाऊन आकडा बघून यायचे आणि नातवाने पहिलं पाऊल टाकल्यासारखे खूश होऊन सांगायचे. अरुणाताई पोळ्या लाटत राहायच्या. अंबाल्याला फोन केला की ताई म्हणायच्या, मी मजेत आहे, शालिनीने ऊबदार खोली दिलीय. मग दोघींकडेही बोलण्यासारखं काही उरायचं नाही, कारण खरं ते दोघींनाही बोलायचं नसायचं.

महिना संपत आला तेव्हा विष्णुपंतांना लिफ्टमध्ये निधी भेटली. ही सोसायटीची सेक्रेटरी, नोएडाच्या ऑफिसात जाणारी चटपटीत मुलगी. त्यांनी फुशारकीने आपला एकशेवीसचा आकडा सांगितला. तिने कौतुक केलं आणि विचारलं, घरात किती जण? कारण अंकल, हिशेब माणशी आहे, नोटिशीत लिहिलंय ना. खाली चढ्ढांकडे आठ माणसं आहेत, त्यांचे चारशे म्हणजे माणशी पन्नास पडतात. उद्या संध्याकाळी मी घरोघरी येऊन माणसं मोजणार आहे.

विष्णुपंत घरात आले ते एकशेवीसला दोघांत भागतच, माणशी साठ. पण मंत्रालयात मुरलेला माणूस, तासाभरात त्यांनी तोडगा काढला. तिघं असती तर माणशी चाळीस! ताईंना आज रात्रीच्या गाडीने बोलवायचं, उद्या मोजणी झाली की परवा परत. त्यांनी अरुणाताईंना हे अगदी उत्साहाने समजावलं. आणि ताईंना सांग, ते म्हणाले, एक रात्रीचाच प्रश्न आहे, हीटर काही काढायला नको.

अरुणाताईंनी पोळी तव्यावरून काढली आणि गॅस बंद केला. इतके दिवस त्यांना वाटत होतं, माणूस खुळावलाय, हिवाळा सरला की ताळ्यावर येईल. आता त्यांना लख्ख कळलं की हा खुळावलेला नाही, हा असाच आहे. त्या छोट्या खोलीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली तेव्हा दार उघडायला अरुणाताईच गेल्या, कारण त्या निघालेल्याच होत्या. बाहेर निधी, कागद हातात घेऊन. ती आत हॉलमध्ये आली, अरुणाताई बॅग घेऊन उंबऱ्याबाहेर झाल्या. निधी हसून म्हणाली, "अंकल, घर में कितने लोग हैं?"

विष्णुपंतांनी बायकोकडे पाहिलं. इतकं कळवळून त्यांनी लग्नानंतर तिच्याकडे पाहिलं नसेल.

"एक लिख लो बेटा," अरुणाताई म्हणाल्या. मग नवऱ्याला मराठीत म्हणाल्या, "मी ताईकडे चाललेय. दोघी मिळून मेमध्ये येऊ, एसी लावून झोपायला. पटत असेल तर तसं कळवा."

निधीला मराठी येत नव्हतं, पण ती पेन हातात धरून तशीच उभी राहिली. विष्णुपंत तर खिळल्यासारखे. एकाने भागलं तरी एकशेवीसच, एवढाच हिशेब त्यांच्या डोक्यात चालू होता की आणखी काही, देव जाणे. दिव्याने नेहमीसारखी थोडी वाट पाहिली. हॉलमध्ये कुणी हलेना, तेव्हा घरात माणूस नाही असं धरून तो विझला.

अरुणाताईंचा हात सवयीने वर गेला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि लिफ्टचं बटण दाबलं.