सत्तावीस टक्के

पडद्यावरचा बाण आपोआप हलला, तसा बाबांनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. बाण मुलगी हलवत होती, तिच्या शहरातून, तिच्या घरातून. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी कीबोर्डशेजारी ठेवला होता.

"बाबा, आता कशालाही हात लावू नका हं."

"नाही लावत, ठमाबाई. हाताची घडी, तोंडावर बोट."

ती हसली. बाबांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, बायको जाऊन तीन. एरवी मुलीचा फोन चार मिनिटांचा. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, ठेवते मग. आज मात्र जुनी सिस्टीम जाऊन नवी बसेपर्यंत तिला थांबणं भाग होतं.

सत्तावीस टक्क्यांवर आकडा अडला. पलीकडून भाजी चिरल्याचा आवाज येऊ लागला. बोलता बोलता मुलगी ऑफिसातल्या नव्या साहेबांवर आली. ते सगळ्यांसमोर तिला काय बोलले, मग ती जिन्यात जाऊन कशी रडली, ते तिने सांगितलं. सुरी थांबली होती.

"कुणाला सांगितलं नाहीये अजून."

"हं," बाबा म्हणाले. घसा कोरडा पडला होता, पण ते पाण्यासाठी उठले नाहीत.

दीड तासाने नवा पडदा उजळला. मुलगी पुन्हा जोडली गेली. सगळं नीट बसलंय ना, हे बघायला बाण एकेक खिडकी उघडू लागला आणि कधी काय बसवलं, काय काढलं याच्या यादीवर थबकला. गेल्या मंगळवारी हीच सिस्टीम या कॉम्प्युटरवर बसवलेली होती, अगदी व्यवस्थित. दोन तासांनी ती काढून जुनी परत आणली होती.

बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

"बाबा..."

"काय गं?"

"काही नाही." बाणाने ती यादी हळूच मिटली. "प्रिंटर जोडला जात नाहीये बहुतेक. आज नाही जमायचं. पुढच्या रविवारी बसू या, निवांत."

घरात प्रिंटर कधी आलाच नव्हता.

"हो, प्रिंटरचं काम वेळखाऊच," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "किती वाजता?"