पितृपक्ष विशेष, हार मोफत

फोटोच्या धंद्याला हंगाम असतो, हे लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं, शटर वर गेलं की गल्ला सुरू. तुळशीचं लग्न लागलं की आम्हाला जेवायला सवड नसते आणि आषाढ लागला की दुकानात नुसत्या माश्या मारायच्या. बारामतीत भिगवण रस्त्याला आमचा 'अमन फोटो स्टुडिओ' आहे. अमन म्हणजे माझा नवरा. फोटो तो काढतो. गिऱ्हाईक आणणं, कंप्युटरवरचं काम, भांडणं आणि डोकं चालवणं माझ्याकडं. माझं नाव नौशीन, आणि मला लोक तोंडाळ म्हणतात. म्हणू देत. गप्प बसून कुणाचा धंदा चालल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आता ज्याच्या खिशात मोबाईल तो फोटोग्राफर. मग रिकाम्या महिन्यांत खायचं काय? म्हणून मी दर हंगामाला काहीतरी काढायचं ठरवलं. जूनमध्ये शाळेच्या दाखल्याचे फोटो काढायला पोरगं आलं की त्याच्याबरोबर आईचाही एक फोटो काढून द्यायचा. पोरांचे सतराशे फोटो असतात, आईचा एक धड नसतो. बेंदराला बैल सजवून आणा म्हटलं, तर बैल उरलेत कुणाकडं? तीन ट्रॅक्टर आणि एक जर्सी गाय आली, तर त्यांचे काढले. गौरी-गणपतीला घरोघरी जाऊन आरास टिपली. ईदला आमच्या मोहल्ल्यात आजोबा, बाप आणि नातू एका रांगेत उभे केले. अमन म्हणायचा, "तुझं डोकं म्हणजे जत्रा आहे." पण कामं आली, तेव्हा जत्रेबद्दल कुणी काही बोललं नाही.

राहिला पितृपंधरवडा. त्या पंधरा दिवसांत हिंदू माणूस साधी चप्पल घेत नाही. तेव्हा मी फ्लेक्स लावला: 'पितृपक्ष विशेष. जुन्या फोटोवरून नवा मोठा फोटो, फ्रेमसहित. चंदनाचा हार मोफत.' अमननं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, या दिवसांत जिवंत माणसासाठी काही घ्यायचं नसतं, मेलेल्यांसाठी सगळं घेतातच की. आणि झालंही तसंच. लोक ट्रंकेच्या तळातले, उधईनं खाल्लेले, पिवळे पडलेले फोटो घेऊन यायला लागले. मी चेहरा सोडवायची, डाग काढायची, मागचं सगळं साफ करून निळा रंग भरायची. सगळं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात पणदऱ्याचा राजवर्धन आला. चांगलं घर. घरचा ऊस, घरच्या गाई. त्याच्या बहिणीचं, राजलक्ष्मीचं, लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं धरलेलं आणि हळदीपासून पूजेपर्यंत सगळं काम आमच्याकडं. सबंध हंगामातलं आमचं सगळ्यात मोठं काम तेच. त्याच्या आजोबांची, आप्पासाहेबांची, तिथी दोन दिवसांवर आली होती आणि घरात त्यांचा फोटो नव्हता. मतदानाच्या ओळखपत्रावर होता, पण त्या फोटोत बायकोनंही त्यांना ओळखलं नसतं. राजवर्धन पाळण्यात असताना ते गेले. त्यानं आणलेल्या एकुलत्या एका फोटोत दोन तरुण भाऊ होते, दोघांना सारखे फेटे, सारख्या मिशा, मागं तळ्याचं चित्र काढलेला पडदा. एक खुर्चीत बसलेला, एक मागं उभा. राजवर्धन म्हणाला, ह्यातले थोरले आमचे आजोबा, आणि गाडीला किक मारून गेलासुद्धा.

थोरला कुठला, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. जुन्या स्टुडिओंचा नियम होता: थोरला खुर्चीत, धाकटा मागं उभा. माझ्या सासऱ्यांनी तो अमनला शिकवला, अमननं मला. बाप आणि मुलगा असोत, नवरा-बायको असोत, मान ज्याचा, खुर्ची त्याची. मी खुर्चीतला माणूस सोडवला, मोठा केला, फ्रेम केली, हार घातला. राजवर्धन न्यायला आला तेव्हा बघून म्हणाला, नाक अगदी आमच्या गेलेल्या पप्पांचं. मला मेलीला तेवढं प्रमाणपत्र पुरलं.

तिथीच्या दिवशी फोटो पाटावर मांडला. पुढं खीर, वडे, भाज्यांचं पान. भावकी जेवायला बसलेली. आप्पासाहेबांच्या बायको लीलाबाई, म्हणजे राजवर्धनच्या आजी, गंध लावायला पुढं झाल्या. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, चांगलं दिसायला लागलेलं. त्यांनी गंधाचं बोट तसंच हवेत धरलं आणि म्हणाल्या, हे तर दत्तूभावजी. जित्तं हायत की.

दत्तोबा म्हणजे आप्पासाहेबांचे धाकटे भाऊ. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं फाटलं होतं, फार वर्षांपूर्वी. दत्तोबांनी वाटणी विकली आणि पळसदेवला सासरवाडीच्या गावात जाऊन राहिले. तेव्हापासून या घरात त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं. आणि आता त्या जिवंत माणसाला हार घालून, खीर दाखवून, अख्खी भावकी कावळ्याची वाट बघत बसली होती.

मला लगेच बोलावणं आलं. मी गेले तेव्हा राजवर्धन तांबडा लाल झाला होता. भावकीतले म्हणत होते, घरात कार्य आलंय नि जित्त्या माणसाचं श्राद्ध घातलं, ह्या फोटोवालीला आता दारात उभं करू नका. एक जण तर म्हणाला की आमच्या पुतण्याच्या लग्नाचंही तुमच्याकडं बोललो होतो, ते आता राहू द्या. फोटोवाला अपशकुनी ठरला की संपलं. अशी गोष्ट पणदऱ्याहून कन्हेरीला पोचायला संध्याकाळ लागत नाही, आणि मग लग्नाचा कॅमेरा आम्ही काय मुंज्याच्या पारावर लावायचा? मी चूक कबूल केली, हात जोडले. एरवी मी कुणापुढं हात जोडत नाही.

लीलाबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी हार आपल्या हातानं काढला, फोटो पुसला आणि माझ्याकडं दिला. म्हणाल्या, "ज्याच्या गळ्यात हार घातला, त्याचा शब्द आण. मनात काय धरलं न्हाय असं त्येंनी म्हटलं, तर लग्नाचं काम तुझं. न्हायतर न्हाय." भावकीला ते मान्य झालं. म्हणजे आमचं दुकान आता एका म्हाताऱ्याच्या जिभेवर होतं, आणि तो म्हातारा या घराशी बोलत नव्हता.

अमन म्हणाला, पैसे परत देऊ आणि विषय मिटवू. मी म्हटलं, पैसे परत दिल्यानं अपशकुन परत जातो का? दुसऱ्या दिवशी फ्रेम ओढणीत गुंडाळली, स्कूटीच्या पुढ्यात ठेवली आणि निघाले. भिगवण गेलं, सोलापूर रस्ता लागला. उजनीचं पाणी पार उसाला टेकलं होतं. वाटेत मी काय काय बोलायचं ते मोठ्यानं म्हणून बघितलं. एकही वाक्य धड जमलं नाही.

दत्तोबा ओट्यावर ताक पीत बसले होते. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, पण ताठ. मी म्हटलं, तात्या, मी बारामतीची फोटोवाली. ते म्हणाले, पाखरांचे फोटो काढायला आली असशील तर पाखरं थंडीत येत्यात, आत्ता कायबी न्हाय. मग मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, फ्लेक्ससुद्धा सांगितला, हार मोफत हेसुद्धा. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"मला हार घातला?"

"व्हय तात्या."

"खीर दावली?"

"दाखवली."

"कावळा शिवला का?"

मी म्हटलं, नाही शिवला, दुपार टळेपर्यंत सगळे ताटकळले. त्यावर म्हातारा असा हसला की त्याला ठसका लागला. म्हणाले, कसा शिवंल, माणूस हितं ताक पीत बसलाय. आणि मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतंय, तेव्हा तुझे उपकारच झाले म्हणायचे. माझा जीव जरा भांड्यात पडला. धीर करून मी विचारलं की तात्या, तुम्ही धाकटे असून खुर्चीत कसे? तिथंच तर मी फसले.

ते म्हणाले, "पायात उसाचं खोडकं घुसलं हुतं. पाय ह्यो असा सुजलेला. दादा बारामतीला डागदरकडं घेऊन आला हुता. येष्टी स्टँडपासनं पाठीवर घेतलं त्यानं मला. येताना म्हणाला, आलोच हाय तर फोटू काढू. फोटूवाला म्हणाला, थोरल्यानं बसायचं असतंय. दादा त्येला म्हणाला, आमच्यात न्हाय तसं."

नियम माझा होता, आणि त्या माणसानं तो तेव्हाच मोडून ठेवला होता.

दत्तोबांनी फ्रेम मांडीवर घेतली. बराच वेळ आपलंच तोंड बघत राहिले. मग फोटोतल्या खांद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं दादाचा हात हुता."

होता. उभ्या भावानं बसलेल्याच्या खांद्यावर हात टाकला होता, चांगला पसरून, चारही बोटं पुढं आलेली. फोटो एकट्याचा करायचा म्हणून मी तो पुसला होता. एकेक बोट पुसलं होतं आणि त्या जागी कोटाचं कापड भरलं होतं, इतक्या सफाईनं की मला माझंच कौतुक वाटलं होतं. म्हाताऱ्यापुढं बसून मला आता त्या सफाईची लाज वाटली. मी मोबाईलमध्ये मूळ फोटो उघडून त्यांच्या हातात दिला. कसा मोठा करायचा ते दाखवलं. त्यांनी तो मोठा केला, अजून मोठा केला, शेवटी पडद्यावर नुसता हातच उरला.

"दादाच्या मातीला आलो हुतो मी," ते म्हणाले. "लांब बाभळीखाली हुबा ऱ्हायलो. कुणी बलावलं असतं तर फुडं गेलो असतो. कुणी बगितलंच न्हाय."

आता शब्द मागायचा कसा? पण मागायला तर हवाच होता. मी म्हटलं, तात्या, लीलाआजींनी तुमचा शब्द आणायला सांगितलंय. तुमच्या मनात राग नाही, एवढा. त्याच्यावर आमचं सगळं अडलंय. त्यांनी मोबाईलवरची नजर काढली आणि विचारलं, वयनी म्हणाल्या तसं? माझा शब्द आण म्हणाल्या? मी हो म्हटलं. त्यांनी हे दोनदा विचारलं. मग उपरणं खांद्यावर नीट घेतलं, जणू कुठं बाहेर निघालेत, आणि म्हणाले, लाव फोन.

मी राजवर्धनला लावला, त्यानं आजीकडं दिला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून तिकडं मोठा आवाज लावला, इकडं मी लावला. मागं पणदऱ्यात गाय हंबरलेली ऐकू आली.

"वयनी, मी दत्तू," ते म्हणाले. "मी जित्ता हाय."

तिकडून लीलाबाईंचा आवाज आला, अगदी सरळ, रोज बोलत असल्यासारखा. "मग इतकी वर्सं कुठं हुता भावजी?"

दत्तोबा माझ्याकडं बघायला लागले, जणू उत्तर मला माहीत आहे. मग म्हणाले, "हितंच की. पळसदेवात."

"लई लांब हाय व्हय ते?"

"न्हाय," दत्तोबा म्हणाले. "लांब न्हाय."

त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि उठून गोठ्याकडं गेले. राग आहे की नाही, हा मला हवा असलेला शब्द ते बोललेच नव्हते. मी लीलाबाईंना तसं सांगायला लागले, की आजी, तात्यांनी अजून तसं काही म्हटलं नाही. त्यांनी मला मधेच तोडलं.

"बाई, तू लग्नाचे फोटू काढायला येशील नव्हं? तवा येताना भावजींना गाडीत घालून आण. आदल्या दिशीच आण. हळदीला घरातलं थोरलं माणूस लागतंय."