अर्लीनचं धुराडं

अमेरिकेने आमच्या कॅनडाच्या मालावर जकात लावायचं काढलं, वर आम्हाला त्यांचं एक राज्य करून टाकायची भाषा सुरू केली, तेव्हापासून सेंट स्टीफनच्या दुकानात लोक अमेरिकन माल फळीवर उलटा ठेवू लागले. मागून येणाऱ्याला कळावं, हे घ्यायचं नाही. माझ्या नवऱ्याने, वेंडेलने, हे काम घरातही काढलं. मोहरीची बाटली उलटी, ओटचा डबा उलटा. ओट सांडून माझी फळी भरली तरी याचं देशप्रेम काही आवरेना.

मग एक दिवस पाहते तर अर्लीनचा फोटोही उलटा.

अर्लीन त्याची थोरली बहीण. पन्नास वर्षांपूर्वी लग्न करून नदीपलीकडे कॅलिसला गेली आणि अमेरिकन झाली. नवरा वारल्यापासून एकटीच असते. दर रविवारी आम्ही पूल ओलांडून तिच्याकडे जेवायला जायचो, मग भावाबहिणीचा पत्त्यांचा डाव. करोनात पूल बंद होता तेवढं सोडलं, तर तीस वर्षांत खाडा नव्हता. आता वेंडेलने शपथ घेतली, जकात उठेपर्यंत तिकडे पाऊल टाकणार नाही.

"अरे, तिने काय केलंय?" मी म्हटलं.

"तिने आधी तिच्या लोकांचं डोकं ठिकाणावर आणावं."

"तिचे गुडघे ठिकाणावर नाहीत, डोकी कुठली आणतेय."

फोटोचं मी फोनवर बोलून गेले, ते माझं चुकलंच. अर्लीन म्हणाली, "मला उलटं केलंय ना त्याने? मग त्यानेच येऊन सुलटं करावं. मी येणार नाही." मग विचारलं, "चौकशी तरी करतो का गं माझी?"

"चौकशी कसली करतोय! पण रोज सकाळी हवा बघायच्या निमित्ताने नदीकडच्या खिडकीशी उभा राहतो. तुझ्या धुराड्यातून धूर निघाला की मग कॉफी पितो."

"असं?" म्हणाली आणि फोन ठेवला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

सहा रविवार कोरडे गेले होते. सातव्या रविवारी थंडी उणे वीसवर, आणि पलीकडे धूर नाही. वेंडेलची कॉफी गार झाली. मी फोन लावला, तिने उचलला नाही. हा माणूस तीस वर्षं आगीच्या बंबावर होता. त्याने जुनं हेल्मेट चढवलं, बूट घातले.

"आणि शपथ?" मी विचारलं.

"आग लागली की बंब नदीच्या दोन्हीकडे जातो. ते जाणं धरत नाहीत."

पुलावरच्या सरहद्दीच्या अधिकारी बाईने हेल्मेट बघून विचारलं म्हणे, कुठे आग लागलीय? हा म्हणाला, "कुठेच नाही, तीच तर पंचाईत आहे."

अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. "धडधाकट आहे. तीन गोधड्या पांघरून पत्ते पिसत बसलीय. शेगडी मुद्दामच पेटवली नाही म्हणते. आणि माझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय."

मागून अर्लीन ओरडली, "दाढी न करता आलाय, तसाच राहू दे फोटो."

मी हसले आणि मग रडलेही. तिचा फोटो सरळ करून ठेवला. वेंडेलने घरी आल्यावर तो पाहिला आणि तसाच राहू दिला.

जकात अजून आहे, शपथही आहे. मात्र दर रविवारी सकाळी अर्लीनचं धुराडं थंड असतं, आणि वेंडेल हेल्मेट घालून मदतीला जातो. आता मीही जाते. पहिली गोष्ट म्हणजे तो शेगडी पेटवतो, तिच्या लाकडांना नावं ठेवत.

परवा तिचे हात हातात घेतले तर बर्फासारखे गार. मी रागावले. "अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहेस तू. एखाद्या रविवारी तरी सकाळी पेटवत जा."

अर्लीनने शेगडीशी वाकलेल्या भावाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पेटवली, आणि तो आलाच नाही तर?"