मुक्ताबाई वरच्या मजल्यावर जातात

विश्रांतवाडीच्या पुढे ज्वारीच्या रानात कॉम्प्युटरची कंपनी उभी राहिली, तेव्हा तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात मुक्ताबाईंचं राज्य सुरू झालं. हाताखालच्या बाया सगळ्या गावच्याच. त्यातल्या सोजरबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कप कुठं नि साखरेचा डबा कुठं, हे शेजारणीनं हाताला धरून दाखवायचं. वर कळलं तर नोकरी गेलीच, म्हणून सगळ्यांनी तोंडं शिवून घेतलेली.

अशात मोठे साहेब हिंमतराव यांच्या डोक्यात आलं, की खालचं स्वयंपाकघर मोडायचं आणि मजल्या-मजल्यावर एकेक बाई बसवायची. या बदलाचा माणसांवर काय परिणाम होईल, ते तपासायला राजनंदिनी नावाची शिकलेली पोरगी नेमली.

"मावशी, तुम्हाला कुणाला त्रास होईल का?" तिनं विचारलं.

"छे गं बाई! आमचं काय? तू बस, चहा घे!" सगळ्या एका सुरात.

आलेल्या पाहुणीपुढं घरचं दुखणं काढायचं नाही, ही गावाची रीत. पोरीला वाटलं, वा, कुणाचीच तक्रार नाही! हसतहसत गेली.

मुक्ताबाई कडाडल्या, "भवान्यांनो, पाहुणचार करत बसल्या! सोजरी तिसऱ्या मजल्यावर एकटी बसली की चहात मीठ घालील आणि संध्याकाळपर्यंत कायमची घरी येईल."

"मग खरं सांगू का तिला?" सोजरबाई रडकुंडीला आल्या.

"खरं सांगितलंस तर दुपारीच येशील."

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईंनी राजनंदिनीला गाठलं. "पोरी, विचारून काय कळतंय? सून नांदल्याबिगर कळती का? आधी एकाच मजल्यावर करून बघ. साहेबांच्या मजल्यावर मीच जाते."

पोरीला हे फार शास्त्रशुद्ध वाटलं.

सोमवारी मुक्ताबाई नऊवारी सावरत वर गेल्या. साहेब परदेशी पाहुण्यांपुढं बिस्किटाला हात घालणार, तोच यांनी बशी उचलली. "तुम्हाला साखर बंद हाय न्हवं? वहिनींना फोन लावून खात्री केली मी." पाहुण्यांना भाषा कळली नाही, पण बशी उचललेली कळली.

मग हिशेबनीस वैजनाथ. "काय हो, ताप उतरला का? रजेच्या दिवशी लक्ष्मी रोडला बायकोच्या पिशव्या धरून हिंडत होता, म्हणून विचारते."

साहेब फोनवर कुणावर ओरडले, की या पाणी घेऊन आत. "प्या. उगा रक्त आटवू नका."

आठवडा संपायच्या आत त्या मजल्यावर कुणी जांभई द्यायलासुद्धा धजेना.

राजनंदिनी आली. "मावशी, त्रास होतोय का काही?"

"मला? लेकी, माझा जीव इतका कधी रमला न्हवता!"

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. "अहो, त्यांना काय विचारता? मला विचारा ना, मला!" हिंमतराव म्हणाले.

स्वयंपाकघर खालीच राहिलं. सांगायला साहेब स्वतः जिना उतरले, तर मुक्ताबाईंनी आधी तोंड पाडलं, दोनदा नाही म्हटलं, मग उपकार केल्यासारखं मान्य केलं.

साहेबांची पाठ वळताच त्या सोजरबाईंकडं फिरल्या. "शनिवारी डोळ्याच्या दवाखान्यात चल. दर खेपेला मी कुठं वर जात बसू?"

"आणि डॉक्टरनं हात लावून डोळा बिघडला तर?"

"तर जाते की पुन्हा वर. अजून वैजनाथाचं सगळं कुठं काढलंय मी!"